कुठून कुठपर्यंत? पशुवैद्यकीय संशोधनासाठी हाडं आणि अवयव मोजताना

एकाच शेळीच्या एकाच खालच्या जबड्याची लांबी मी १५४ मिमी लिहिली होती आणि माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीने १६२. दोघींचे कॅलिपर (दोन टोकांत वस्तू धरून माप घ्यायचं साधन) ठीक होते, दोघींचे डोळेही. मी पुढच्या दातांच्या मधल्या टोकापासून जबड्याच्या मागच्या कोनापर्यंत मोजत होते; ती त्याच टोकापासून वरच्या सांध्याच्या गाठीपर्यंत, म्हणजे कॉन्डाइलपर्यंत. तक्त्यात दोघींच्याही रकान्यावर एकच शब्द होता : ‘लांबी’. हे लक्षात आलं तेव्हा चाळीस जबडे मोजून झाले होते आणि त्यातले निम्मे कोणी मोजले याची नोंद नव्हती. चाळीसही पुन्हा मोजले.

शरीररचनाशास्त्रात एम.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, करणारी मुलं दरवर्षी मला विचारतात, कुठला कॅलिपर घेऊ. कॅलिपरचा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो. ‘कुठून कुठपर्यंत’ हा प्रश्न मात्र पूर्ण संशोधनभर पुरतो. म्हणून हा लेख कॅलिपरच्या बराच आधीपासून सुरू होतो. उदाहरण म्हणून मी बहुतेक ठिकाणी बेरारी शेळी घेतली आहे. गावाकडे हिला लाखी म्हणतात. विदर्भाची नोंदणीकृत जात आहे, नागपुरात नमुने मिळतात आणि हाड टेबलावर मावतं.

मोजायचं कशासाठी

‘बेरारी शेळीच्या जबड्याचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न असा असतो : खालच्या ओठाचा आणि पुढच्या दातांचा भाग बधिर करायचा असेल तर सुई कुठे टोचायची? त्या नसेचं बाहेर पडायचं छिद्र, मेंटल फोरामेन, जबड्याच्या बाहेरच्या अंगाला, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत असतं. आता हे अंतर मोजायचं कुठून? कोरड्या हाडावर दातांच्या मधलं टोक सगळ्यात सोपं. पण गोठ्यात, तोंड हलवणाऱ्या शेळीवर काम करणाऱ्या डॉक्टरला बोटाने लागतो तो कडेच्या शेवटच्या दाताचा बाहेरचा कोपरा. तुमचा आकडा त्याच्या कामी यावा असं वाटत असेल तर मोजमाप त्या कोपऱ्यापासून घ्यायला हवं.

शिंगांचंही तसंच. गाई-बैलात शिंगाची नस बधिर करताना डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या साधारण मध्यावर सुई दिली जाते. शेळीत एका जागेने भागत नाही, कारण शिंगाकडे दोन नसा येतात : एक डोळ्याच्या मागच्या बाजूने, दुसरी आतल्या कोपऱ्याच्या वरून. त्यामुळे शेळीच्या कवटीचा अभ्यास हाती घेताना या दोन्ही जागांची अंतरं घ्यावी लागतात. एकच घेतली तर उरलेलं अंतर पुढे कुणीतरी पुन्हा कवट्या गोळा करून मोजतं.

प्रश्न जातीचं वर्णन हा असेल तर मोजमापं बदलतात. नागपुरी म्हशीची लांब, चपटी, मानेच्या दोन्ही बाजूंनी मागे गेलेली तलवारीसारखी शिंगं हीच तिची ओळख. तिथे शिंगाची लांबी दोन प्रकारे घ्यावी लागते : बाहेरच्या वळणावर दोरा ठेवून, आणि बुडापासून टोकापर्यंत सरळ. या दोन आकड्यांचं गुणोत्तर शिंग किती वाकलंय ते सांगतं. एकटी लांबी ते सांगत नाही.

परवानगी आधी, पिशवी नंतर

जिवंत प्राण्यावर प्रयोग असेल तर संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची मंजुरी लागते. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे, तिच्या नियमांनुसार ही स्थानिक समिती चालते. कत्तलखान्यातून किंवा मटणाच्या दुकानातून मेलेल्या जनावराचे भाग आणायचे असले तरी समितीला लिहून कळवा आणि त्यांचं उत्तर फायलीत ठेवा. शोधनिबंध पाठवताना नियतकालिक तेच पत्र मागतं आणि तेव्हा मागची तारीख टाकून मिळत नाही.

गोवंशाबद्दल महाराष्ट्रात वेगळी अडचण आहे. १९७६च्या कायद्यातली दुरुस्ती २०१५पासून लागू झाल्यावर गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला राज्यात बंदी आहे. म्हणजे गवळाऊ जातीची कवटी हवी असेल तर नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचीच वाट पाहावी लागते आणि नमुना हळूहळू जमतो. दोन वर्षांच्या पदवीत गवळाऊच्या तीस कवट्यांचा आराखडा देणाऱ्या मुलांना मी लगेच थांबवते. म्हैस या बंदीत नाही.

वन्यप्राण्यांचं तर बोलायलाच नको. पेंचला फिरायला गेल्यावर दिसलेलं चितळाचं गळून पडलेलं शिंगसुद्धा उचलायचं नाही; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसतं. वाघ-बिबट्याची हाडं मोजायची असतील तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय आणि वन्यजीव संशोधनाच्या अधिकृत संस्थेशिवाय मार्ग नाही.

आणि एक गोष्ट परवानगीपेक्षाही वरची. अचानक मेलेलं जनावर, नाका-गुदद्वारातून न गोठणारं काळसर रक्त, अंग लवकर फुगलेलं असं दिसलं तर ते शव उघडायचं नाही, कितीही दुर्मीळ नमुना असो. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो; शव उघडलं की हवेशी संबंध येऊन जंतूंचे बीजाणू बनतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. गर्भाशय आणि वार हाताळताना ब्रुसेला, म्हणजे माणसालाही लागणारे जंतू, लक्षात ठेवा : दुहेरी हातमोजे, मास्क, डोळ्यांवर चष्मा.

मुंडी आणि पाय आणताना

मटणाच्या दुकानात शरीररचनेची भाषा चालत नाही. तिथे कवटी म्हणजे मुंडी, मूत्रपिंड म्हणजे गुर्दा, यकृत म्हणजे कलेजी. सावजी जेवणाच्या या शहरात मुंडीला आणि पायांना गिऱ्हाईक असतंच, त्यामुळे पहाटे सहाला पोहोचायचं आणि आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात : मुंडी भाजू नका, आणि फोडू नका. सवयीने कोयत्याचा एक घाव बसला की कवटीची मागची बाजू गेली, आणि भाजली की बारीक हाडं तडकतात. आमच्या नेहमीच्या दुकानदाराने पहिल्या दिवशी विचारलं होतं, ‘काऊन मॅडम, न भाजलेली मुंडी? मोजून काय करता जी?’ सुईची गोष्ट सांगितल्यावर त्याने स्वतःहून मुंडी मानेच्या पहिल्या मणक्यासकट द्यायला सुरुवात केली, म्हणजे कवटीची मागची कड शाबूत राहते. कारण सांगितलं की नमुना चांगला मिळतो.

पायांची खरी गंमत पुढे आहे. पुढचे पाय गुडघ्याच्या आणि मागचे घोट्याच्या सांध्यात कापलेले असतात, म्हणून पुढची नळी म्हणजे मेटाकार्पल आणि मागची नळी म्हणजे मेटाटार्सल अख्खी मिळते. पण दुकानात चार पायांची जुडी बांधताना चारही एकाच शेळीचे असतीलच असं नाही. घरी आल्यावर चार हाडं एका प्राण्याची म्हणून नोंदवली की संशोधन पहिल्याच दिवशी बिघडलं. म्हणून जनावर कापलं जात असताना तिथे उभं राहायचं, प्रत्येक पायाला आणि मुंडीला एकाच क्रमांकाचा बिल्ला सुतळीने बांधायचा. कागदाचा बिल्ला रक्तात विरघळतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा घ्या आणि खिळ्याने त्यावर क्रमांक कोरा. तो कागदासारखा विरघळत नाही.

त्याच वेळी लिंग आणि वय लिहून घ्यायचं. वय दातांवरून, कारण विचारून मिळालेलं वय अंदाजे असतं. अदात म्हणजे फक्त दुधाचे दात, साधारण वर्षाच्या आतली. दोन दाती साधारण सव्वा वर्षाच्या आसपास. चार दाती दोनच्या आसपास. सहा दाती अडीच-तीनच्या. जुळलेली म्हणजे आठही कायमचे दात आलेली, तीन-चार वर्षांची किंवा पुढची. चारा आणि जात यांनुसार हे पुढे-मागे होतं, म्हणून तक्त्यात ‘वय २ वर्षे’ असं लिहू नका. ‘चार दाती’ असं लिहा. जे पाहिलं ते.

हाड साफ करणं

पाण्यात कुजवणं ही सगळ्यात सौम्य पद्धत, आणि नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत ती झपाट्याने चालते. शेजाऱ्यांच्या दृष्टीने मात्र ती अशक्य आहे. प्रयोगशाळेची गच्ची लांब असेल तर झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात, पाणी अधूनमधून बदलत. बाकी सगळ्यांनी मंद आचेवर शिजवावं. पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आणि कपड्यांची पावडर, उकळी न येऊ देता. खळखळ उकळलं तर कवटीच्या आतली पातळ नाकाची हाडं निघून येतात आणि दात सुटतात. लहान वयाच्या शेळीत हाडांची टोकं अजून चिकटलेली नसतात, ती वेगळी होतात. अशी हाडं लांबीच्या अभ्यासात घेऊ नका. चिकटवून मोजलेली लांबी खोटी असते. खालच्या जबड्याचे दोन अर्धे वेगळे झाले तर मात्र घाबरू नका, रवंथ करणाऱ्यांत तो पुढचा जोड सहसा हाडाने पक्का होत नाही. दोन्ही अर्ध्यांवर क्रमांक आहे ना, एवढं बघा.

चरबी काढायला पुन्हा साबणाचं कोमट पाणी. पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड, सौम्य. घरगुती ब्लीचिंगचं क्लोरीन कधीही नाही, ते हाडाचा पृष्ठभाग खाऊन टाकतं आणि कड खडबडीत झाली की मोजमाप कमी येतं. शेवटी सावलीत वाळवणं. मे महिन्याच्या उन्हात ठेवलेले दात दुपारपर्यंत उभे चिरतात. सगळी हाडं सारखेच दिवस वाळवा. ओलं हाड आणि वाळलेलं हाड यांच्या मापात फरक पडतो. लहान फरक असला तरी अर्धी हाडं पावसाळ्यात आणि अर्धी उन्हाळ्यात मोजलीत तर तो नेमका तुमच्या निष्कर्षात जाऊन बसतो.

व्याख्येचा कागद

सुरुवातीची गोष्ट ज्या कागदाच्या अभावी घडली तो हा. प्रत्येक मोजमापासाठी एक ओळ : नाव, सुरुवातीचा बिंदू, शेवटचा बिंदू, हाड कसं धरायचं, कुठलं साधन. उदाहरणार्थ :

‘जबड्याची लांबी १ : मधल्या दोन दातांमधल्या हाडाच्या सर्वांत पुढच्या बिंदूपासून कोनाच्या सर्वांत मागच्या बिंदूपर्यंत, सरळ रेषेत. मोठा कॅलिपर. डावा अर्धा.’

‘मेटाकार्पल, दांड्याची किमान रुंदी : दांड्याच्या मध्यभागाच्या आसपास कॅलिपर वर-खाली सरकवून मिळालेली सर्वांत कमी रुंदी, पुढून पाहताना.’

या दुसऱ्या ओळीत ‘मध्यावर’ असं लिहिलेलं नाही, कारण मध्य शोधणं हे आणखी एक मोजमाप झालं आणि त्याची आणखी एक चूक. ‘सर्वांत कमी’, ‘सर्वांत जास्त’ अशा व्याख्या डोळे मिटूनही पाळता येतात. हाडांच्या बाबतीत हे काम बरंचसं आधीच झालेलं आहे : आंगेला फॉन डेन ड्रीश यांनी १९७६ मध्ये पुरातत्त्वीय उत्खननांतल्या प्राण्यांच्या हाडांसाठी मोजमापांची पद्धत प्रसिद्ध केली, आणि कमाल लांबी, वरच्या टोकाची रुंदी, दांड्याची किमान रुंदी, खालच्या टोकाची रुंदी ही मापं तेव्हापासून जगभर त्याच व्याख्येने घेतली जातात. तीच वापरा. स्वतःची नवी व्याख्या तेव्हाच, जेव्हा तुमचा प्रश्न तिथे सुटत नाही; वर सांगितलेला कडेच्या दाताचा कोपरा हे असंच उदाहरण. अवयवांची नावं मात्र आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय नामावलीतलीच घ्या, नाहीतर इजिप्तमधल्या शेळीशी तुलना करताना तुम्ही आणि ते एकाच छिद्राबद्दल बोलताय की नाही हेच कळत नाही.

कागद तयार झाला की तो ज्याने तयार केला नाही अशा माणसाला द्या आणि एक हाड मोजायला सांगा. तो विचारेल ते प्रत्येक ‘म्हणजे कुठे?’ त्या कागदात लिहून टाका.

हत्यारं

१५० मिमीचा साधा व्हर्नियर कॅलिपर, ०.०२ मिमी अचूकतेचा, बहुतेक लहान हाडांना पुरतो. डिजिटल घेतला तर ०.०१ दाखवतो, पण शेवटचा आकडा बॅटरी उतरताना नाचतो, म्हणून दर दिवशी सुरुवातीला कॅलिपरचे जबडे बंद करून शून्य बघायचा, आणि दर वीस हाडांनंतर पुन्हा. साधन खरं बोलतं की नाही हे तपासायला महागडे ठोकळे नसले तरी चालतं. सायकलच्या मागच्या चाकातला नवा छर्रा घ्या, पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिमी. दुकानात सुट्टा मिळतो. तुमचा कॅलिपर त्यावर ६.५० दाखवत असेल तर काम थांबवा. जुना, घासलेला छर्रा नको.

मुलं विचारतात, नागपूरच्या उन्हात पोलाद प्रसरण पावतं त्याचं काय? हिशेब करू. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे ०.००००११५ पट वाढतं. कारखान्यात मापं २० अंशांवर धरतात. तुमची खोली ४४ अंशांवर असेल तर १५० मिमीला फरक ०.०४ मिमी. तुमच्या हाताचा दाब याच्या कितीतरी पट चूक करतो. पंखा लावा, कारण घामाने हाड निसटतं.

मोठ्या हाडांसाठी, म्हशीचं मांडीचं हाड वगैरे, मापनफळी लागते. विकत घेण्यापेक्षा सुताराकडून करून घ्या : सपाट प्लायवूड, एका टोकाला काटकोनात पक्की भिंत, दुसरी सरकणारी भिंत, मध्ये चिकटवलेली स्टीलची पट्टी. भिंती खरंच काटकोनात आहेत का हे गुण्याने तपासा. सुताराचा शब्द पुरत नाही. कवटीच्या रुंदीसाठी बाहेर वाकलेल्या पायांचा कॅलिपर, वळणांसाठी न ताणणारा दोरा. शिलाईची कापडी फीत वर्षभरात सैल पडते, ती दर महिन्याला स्टीलच्या पट्टीवर ठेवून बघा.

मोजायला बसल्यावर

दोन माणसं. एक मोजतो आणि बोलतो, दुसरा लिहितो आणि लिहिलेलं परत वाचून दाखवतो. एकट्याने मोजून एकट्याने लिहिलं की ५६.३ चं ६५.३ होतं. सगळ्या हाडांची एक फेरी पूर्ण करायची, मग दुसरी फेरी वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या क्रमाने, पहिल्या फेरीचा कागद कपाटात बंद करून. एकाच हाडावर लागोपाठ तीनदा कॅलिपर लावून तीन आकडे घेणं ही स्वतःची फसवणूक आहे. हाताला आधीचा आकडा आठवतो.

शेवटच्या आकड्याकडे लक्ष ठेवा. शंभर मोजमापांमध्ये ० आणि ५ ने संपणारे आकडे फार जास्त दिसले तर तुम्ही वाचत नाही, अंदाज करताय. मी हे माझ्याच जुन्या वहीत पाहिलं आणि लाज वाटली. कॅलिपरचा दाब हलका ठेवायचा, टोकं हाडावर घासतील इतपत, रुततील इतका नाही. नर आहे की मादी हे लिहिणाऱ्याला माहीत असावं, मोजणाऱ्याला नाही.

स्वतःची चूक मोजणं

यावर बहुतेक प्रबंधांत एक ओळही नसते, आणि मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. दोन फेऱ्या झाल्या की तुमच्या हाताची चूक आकड्यात सांगता येते. सरावासाठी मी घेतलेला छोटा हिशेब असा : पाच जबडे, पहिली फेरी १५२.४, १५८.१, १४९.७, १६१.२, १५५.० मिमी, दुसरी फेरी १५२.८, १५७.८, १४९.९, १६१.८, १५४.९. फरक ०.४, ०.३, ०.२, ०.६, ०.१. त्यांचे वर्ग करून बेरीज ०.६६. तिला हाडांच्या संख्येच्या दुपटीने, म्हणजे १० ने भागा : ०.०६६. वर्गमूळ सुमारे ०.२६ मिमी. ही तुमची मापनाची तांत्रिक चूक. सरासरी जबडा १५५ मिमी, म्हणजे चूक ०.१७ टक्के. उत्तम.

आता तीच ०.२६ मिमीची चूक मेंटल फोरामेनच्या अंतरावर लावा. समजा ते १८ मिमी आहे. चूक जवळपास दीड टक्का झाली. नर-मादीतला फरक दोन टक्के आहे असा तुमचा दावा असेल तर त्यातला बराचसा तुमच्या बोटांचाच असू शकतो. म्हणून ही चूक प्रत्येक मापासाठी वेगळी काढायची. दोन माणसांनी मोजलं असेल तर दोघांमधलीही काढायची, आणि त्यासाठी ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये मांडलेला आलेख काढा : आडव्या अक्षावर दोघांच्या मापांची सरासरी, उभ्या अक्षावर फरक. ठिपके शून्याच्या एकाच बाजूला गोळा झाले तर कोणीतरी सतत जास्त मोजतंय. दोघांच्या आकड्यांमधला सहसंबंध ०.९९ आहे असं सांगून सुटता येत नाही. माझे सगळे आकडे तुमच्यापेक्षा नेमके ८ मिमीने जास्त असले तरी सहसंबंध १ येतो. आमच्या त्या जबड्यांचंही तसंच काहीसं झालं असतं.

मऊ अवयव

हाड दुसऱ्या दिवशी तेवढंच असतं. आतडं नसतं. शेळीचं आतडं मोजायचं तर पडद्यापासून सोडवून, ओल्या टेबलावर, न ताणता नागमोडी ठेवून मोजायचं. हाताने धरून ओढत मोजलं तर मीटरांचा फरक पडतो. प्रत्येक वेळी कत्तलीनंतर किती वेळाने मोजलं ते लिहा आणि तो वेळ सगळ्यांसाठी सारखा ठेवा, कारण स्नायू आधी आवळतात, मग सैलावतात. हृदय असेल तर आतले रक्ताचे गोळे धुऊन, मोठ्या रक्तवाहिन्या बुडाशी सारख्याच उंचीवर कापून, टिपकागदाने टिपून मगच वजन. गुर्द्याभोवतीची चरबी काढायची की ठेवायची हे व्याख्येच्या कागदात. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला अवयव आकसतो, म्हणून ताजे आणि फॉर्मॅलिनमधले आकडे एका रकान्यात कधीच नाहीत. ताजं मोजा, मग बुडवा.

आकारमानासाठी माझी आवडती युक्ती : वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा. अवयव दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला टेकणार नाही असा धरा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं घन सेंमी आकारमान. मोजपात्रातली पाण्याची पातळी डोळ्याने वाचण्यापेक्षा हे कितीतरी नेमकं. म्हशीचं अंडाशय गाईपेक्षा लहान असतं, तिथे ही पद्धत नाहीतर लांबी × रुंदी × जाडी × ०.५२३ हे लंबगोलाचं सूत्र. बीज सुटल्यावर तयार होणारी पिवळी गाठ वर आलेली असेल तर अंडाशय लंबगोल राहत नाही. तेव्हा पाण्याचीच पद्धत.

कवटीच्या आतल्या पोकळीला मोहरी चालते, बाकीची छिद्रं कापसाने बंद करून. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल मॉर्टनने आधी बियाच वापरल्या आणि दाणे कमी-जास्त दबतात म्हणून शिशाच्या छऱ्यांकडे वळला. त्याची तक्रार रास्त होती. प्लॅस्टिकचे एकसारखे बारीक मणी घ्या आणि कवटी ठरवून तितक्याच वेळा ठोका.

जिवंत जनावर

मालकाची लेखी संमती, सपाट फरशी, आणि सकाळी चाऱ्याच्या आधी, कारण पोट भरलं की पोटाचा घेर बदलतोच, छातीच्या फितीखालीही फरक येतो. चारही पाय चौकोनात, मान नेहमीच्या उंचीवर. उंची खांद्याच्या सर्वोच्च बिंदूपासून जमिनीपर्यंत, पाणसळ लावलेल्या काठीने. लांबी खांद्याच्या पुढच्या बिंदूपासून बैठकीच्या हाडाच्या मागच्या टोकापर्यंत. छातीचा घेर कोपराच्या लगेच मागून, श्वास सोडल्यावर, फीत केसांना टेकेल पण कातडी दबणार नाही अशी. गवळाऊसारख्या वशिंडाच्या जनावरात फीत वशिंडाच्या मागून जाते, वरून नाही.

वजनाचं शेफरचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं : घेराचा वर्ग × लांबी ÷ १०,८४०, सगळं सेंमीत, उत्तर किलोत. ६५ सेंमी लांब आणि ७० सेंमी घेराची शेळी २९.४ किलो येते. घेर २ सेंमी जास्त वाचला तर तीच शेळी ३१.१ किलो. म्हणजे फितीच्या दोन सेंमीत पावणेदोन किलो. संशोधनात वजन हवं असेल तर काटा आणा, हे सूत्र औषधाचा डोस काढण्यापुरतं ठेवा.

पडद्यावर आणि काचेखाली

क्ष-किरण चित्रात वस्तू मोठी दिसते. नळीपासून फिल्म १०० सेंमीवर असेल आणि हाड फिल्मच्या १० सेंमी वर असेल तर १०० भागिले ९०, म्हणजे १.११ पट. १०० मिमीचं हाड १११ दिसलं. यावर उपाय म्हणजे हाडाच्याच पातळीवर ज्ञात मापाची धातूची गोळी ठेवणं (पुन्हा तोच छर्रा), किंवा माप गुणोत्तरात घेणं. कुत्र्याच्या हृदयाचं माप त्याच्याच मणक्यांच्या लांबीत सांगायची बुकॅनन आणि ब्यूखलर यांची १९९५ची पद्धत याच कारणाने टिकली : मणके आणि हृदय जवळपास सारखेच मोठे होतात. फोटोवरून मोजताना पट्टी वस्तूखाली टेबलावर ठेवू नका, वस्तूच्या मधल्या उंचीवर ठेवा, कॅमेरा बरोबर वर आणि लांब. मग इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. सोनोग्राफीत चित्र तीनदा नव्याने गोठवून तीन मापं. यंत्र ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरूनच अंतर सांगतं, आणि चरबीत तो कमी असतो.

सूक्ष्मदर्शकात प्रत्येक भिंगासाठी नेत्रपट्टी, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातली मोजपट्टी, वेगळी जुळवावी लागते. मंचपट्टीवर, म्हणजे काचेच्या जागी ठेवायच्या ज्ञात मापाच्या पट्टीवर, १ मिमीचे १०० भाग, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. तुमच्या ४० पट भिंगाखाली नेत्रपट्टीचे १०० भाग मंचपट्टीच्या २५ भागांवर बसले तर एक भाग २५० भागिले १००, २.५ मायक्रॉन. हा आकडा मित्राच्या सूक्ष्मदर्शकावरून उसना घ्यायचा नाही. मेणात बसवलेला ऊतक आकसलेला असतो, म्हणून आलेली मापं त्याच पद्धतीने तयार केलेल्या काचांशीच तुलना करायची.

तक्त्यात भरताना

वीस शेळ्यांचे डावे-उजवे जबडे म्हणजे चाळीस नमुने नव्हेत. नमुना वीसच. डावं-उजवं एकाच शेळीचं असतं, एकाच चाऱ्यावर वाढलेलं, आणि त्यांना स्वतंत्र धरलं की सगळे फरक खोटेच ठळक दिसू लागतात. डाव्या-उजव्यात फरक आहे का हे पाहायचं तर जोडीची चाचणी करा. नसेल तर सरासरी घ्या, नाहीतर एकच बाजू ठरवा. आधी दहा नमुन्यांवर सगळं करून बघा, पसारा किती आहे ते काढा, मग एकूण किती लागतील हे संख्याशास्त्राच्या माणसाला विचारा. प्रबंध लिहून झाल्यावर नाही.

दोन फेऱ्यांचे कच्चे आकडे, सरासरी न काढता, वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. वेगळा दिसणारा आकडा खोडू नका; ते हाड पिशवीतून काढा आणि पुन्हा मोजा. त्यासाठीच हाडं फेकायची नाहीत. प्रत्येक शेळीची एक कापडी पिशवी, आत पत्र्याचा बिल्ला, उंदीर लागू नयेत म्हणून पत्र्याची पेटी. माझ्याकडे ती चाळीस जबड्यांची पेटी अजून आहे. नवीन विद्यार्थी आला की त्यातला कुठलाही एक जबडा हातात देते, व्याख्येचा कागद न देता, आणि फक्त ‘लांबी मोज’ म्हणते.